नजर लागू नये म्हणून

शिमग्याची पालखी तीन वाजता दारात यायची होती आणि अक्षया खोलीचं दार उघडायला तयार नव्हती.

आजचा दहावा दिवस. सावित्रीनं पहिले दोन दिवस लेकीची समजूत घातली, पुढचे दोन दिवस तिला फैलावर घेतलं, मग देवीला नवस बोलली. आता तिच्याकडे बोलायला काही उरलंच नव्हतं. सकाळी कॉलेजातून आणलेलं हॉल तिकीट तिनं दाराखालच्या फटीतून आत सरकवलं. सोमवारपासून परीक्षा, आणि आज शुक्रवार.

"बाय, निदान देवीची ओटी भरायला तरी बाहेर ये. वर्षातनं एकदा येते गो ती घरी."

"तू भर ना."

"मी भरीनच. पण लोक विचारतील, पोर कुठाय."

"लोकांनी बघितलंय मला," अक्षया आतून म्हणाली. "पोटभर बघितलंय."

घराला एवढंच ठाऊक होतं की ऑर्कुट नावाचं इंटरनेटवर काहीतरी आहे, तिथे मुलामुलींची जत्रा भरते, आणि त्या जत्रेत कुणीतरी अक्षयाचे दोन फोटो शेजारी शेजारी टांगलेत. एक दिवाळीआधी मारुती मंदिराजवळच्या स्टुडिओत काढलेला. स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर तिला चांगली गोरी करून दिली होती, आणि खोटं कशाला बोला, सावित्रीला तो फोटो इतका आवडला होता की स्थळांना पाठवायला तिनं वर चार प्रती काढून घेतल्या होत्या. दुसरा फोटो घरच्या मागच्या पडवीतला. तोंडाला बेसन फासलेलं, केस तेलकट, गळा ढिला पडलेला जुना गाऊन. खाली लिहिलेलं, 'ओळखा, खरी कुठली?' आणि त्याखाली हसणाऱ्यांची ही रांग.

"कॉलेजातली टवाळ पोरं असतील गो. चार दिवसांनी विसरतील."

"कॉलेजातली नाय, आई."

"तुला काय माहीत?"

मग अक्षया दाराजवळ आली असावी, आवाज जवळून आला. "त्या पानाला नाव काय दिलंय ते मी तुम्हांला सांगितलं नाय. 'सुकट' दिलंय. इंग्रजी अक्षरांत. सुकट."

सावित्रीनं दाराची चौकट धरली. कॉलेजात कुणाला ठाऊक असणार ते नाव? रत्नागिरी शहरात कुणाला ठाऊक असणार? ते नाव या घराच्या चार भिंतींतलं होतं.

*

सावित्रीला अक्षयाच्या आधी दोन मुलं झाली आणि दोन्ही महिन्याच्या आत गेली. तिसऱ्या खेपेला ही झाली. पावणेदोन किलोची, काळीसावळी, बोटाएवढाल्या हातापायांची. तेव्हा सावित्रीचे सासरे हरिश्चंद्र, म्हणजे आबा, बोटीवरून सुट्टीवर आले होते. त्यांनी पोरीला तळहातावर घेतलं, आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यांदा म्हणाले, "अरे, ही तर सुकट! वाळलेला जवळा! हिच्याकडे कोण बघणार?"

ते कोणाला ऐकवायचं होतं, ते घरातल्या सगळ्यांना कळलं. कुणाचे आजेपणजे धोंडू झाले, कुणाचे कचरू झाले, ते काय आईबापांना नावं सुचत नव्हती म्हणून? जे न्यायला येतं त्याला वाटावं, यात नेण्यासारखं काही नाही. पत्रिकेतलं नाव अक्षया, पण ते शाळेच्या दाखल्यापुरतं. आबांनी एकोणीस वर्षांत तिला एकदाही अक्षया म्हटलं नाही. "सुकटे, पाणी आण." "सुकटे, पेपर वाचून दाखव." आणि पोर जगली. आबांचा त्या नावावर डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास होता.

सावित्रीनं पडवीत येऊन ते सांगितलं तेव्हा आबा पालखीसाठी पाट पुसत बसले होते आणि सखाराम, सावित्रीचा नवरा, तोरणाला आंब्याचे टाळे बांधत होता. तिच्या मागोमाग तुळसा, धाकटी जाऊ, पिठाचे हात घेऊन दाराशी आली.

"सुकट?" आबांनी फडकं खाली ठेवलं. "माझं नाव?"

"तुमचं काय त्यात," सखाराम चिडून म्हणाला. "तिनंच सांगितलं असेल कुणा मैत्रिणीला. हिची आणि हिच्या मैत्रिणींची बडबड काय कमी असते? त्या कॉम्प्युटरवर तासन् तास काय खरडत असते तिलाच ठाऊक."

"खरं आहे भावजींचं," तुळसा म्हणाली. "मुली बोलतात एकमेकींत. पोटात ठेवतायत थोड्याच."

सावित्रीनं वळून तुळसाकडे पाहिलं. वीस वर्षं दोघी एका चुलीवर नांदल्या. सखाराम आवाज चढवायचा तेव्हा तुळसा नेहमी सावित्रीच्या बाजूनं उभी राहायची, आणि सासूच्या आजारपणात दोघींनी मिळून काढलेल्या दिवसांना तर मोजदाद नव्हती. आज तिनं बाजू बदलली, ते सावित्रीला लागलं.

"आणि तो पडवीतला फोटो गो, तुळसा? तोही मैत्रिणीनं काढला?"

पोळी करपायला लागल्याचा वास आला तशी तुळसा आत गेली.

"मी आता सांगून ठेवतो," सखाराम म्हणाला. "सोमवारी पेपराला गेली तर ठीक. नाय गेली तर वर्ष जाऊ दे, पण पुढं कॉलेज बंद. जे स्थळ येईल ते बघायचं आणि उजवून टाकायचं. घरात दार लावून बसलेली पोर मला झेपायची नाय."

"अहो, तिचा काय गुन्हा?"

"गुन्हा कोणाचा ते शोधत बसू काय मी आता?"

"तू नको शोधूस," आबा म्हणाले. ते गुडघ्यावर हात देऊन उठले. "शिमग्यात आपण पण बोंबा मारतो. नावं घेऊन शिव्या घालतो. पण रंगपंचमीला सगळं धुऊन निघतं. हे धुतलं जात नाय म्हणतायत. मग मी हे देवीवर घालणार. आज, पालखीसमोर."

सखारामच्या हातातला टाळा तसाच राहिला. देवीवर घालणं, म्हणजे शिक्षा देवीच्या हाती देणं, काय असतं ते वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. माणसाच्या कचेरीतला अर्ज मागे घेता येतो. देवीवर घातलेलं मागे घेता येत नाही. खालच्या आळीतल्या एका घरानं चोरीचा आळ असाच देवीवर घातला होता, आणि चोर निघाला सख्खा भाऊ. त्या भावाच्या घराला आज कुलूप आहे. कारण वेगळंही असेल. पण वाडी विसरलेली नाही.

*

तुळसा स्वयंपाकघरात थांबलीच नाही. गॅस बंद करून ती थेट माडीवर गेली. तिचा मुलगा नितेश आरशासमोर उभा राहून डोक्याला फेटा गुंडाळत होता. यंदा पहिल्यांदा त्याला पालखीला खांदा द्यायचा मान मिळाला होता, त्यामुळे सकाळपासून स्वारी खुशीत होती.

"मोबाईल दे."

"कशाला?"

"पडवीतला तो फोटो कुणी काढला, नित्या?"

"मला काय ठाऊक?"

"या घरात फोटो काढणारा मोबाईल एकच आहे. तुझ्या बापानं बोटीवरून पाठवलेला." तिनं दार लोटून घेतलं. "माझ्या डोळ्यांत बघून बोल."

नितेशनं डोळ्यांत बघितलं नाही. फेट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. "गंमत होती ग."

तुळसा मटकन कॉटवर बसली.

खरंच गंमत होती, निदान पहिल्या संध्याकाळी. सायबर कॅफेतले मित्र नितेशला चिडवायचे. तुझ्या पानावर कोणी कुत्रंसुद्धा येत नाही, महिन्यात तीन स्क्रॅप, म्हणजे निरोप, आणि त्यातले दोन तुझ्या मामाचे. त्यात दिवाळीत घरी कॉम्प्युटर आल्यापासून तो ताईचं बघायचा. कॉलेजात हजेरीला 'येस सर' म्हणताना जिचा आवाज फुटत नाही, ती तिथं सगळ्यांना हसवायची. पुण्याची, नागपूरची पोरं 'अक्षू, अक्षू' करत तिच्या मागे. त्या गोऱ्या फोटोमुळे, नाही तर काय? असं त्याला वाटलं. त्यानं दोन फोटो शेजारी लावले आणि नाव द्यायला पटकन सुचलं तेच दिलं. रात्रीत एकतीस जण आले. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मोठ्या वर्गातल्या मुलानं त्याच्या पाठीवर थाप मारली. तो आकडा वाढताना बघायची त्याला चटक लागली. ताईनं दार लावून घेतलं त्या दिवशी आकडा शंभराच्या वर होता, आणि तेव्हा ते काढून टाकायचं त्याच्या मनात आलं होतं, खरंच आलं होतं. पण पोरं म्हणाली असती, फाटली याची.

"काढून टाक ते. आत्ताच्या आत्ता."

"काढलं तरी काय? बाकीच्यांनी फोटो उतरवून घेतलेत."

"आबा देवीवर घालायला निघालेत, मेल्या!"

नितेशचा चेहरा उतरला. बाहेर लांबून ढोल ऐकू यायला लागला होता. तुळसानं पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला, फेटा नीट केला, आणि हळू आवाजात म्हणाली, "तोंड उघडू नकोस. मी सासऱ्यांना समजावते. तू फक्त तोंड उघडू नकोस."

पण समजवायला सवड कुठली? ढोल वळणावर आला होता.

*

गुलालानं अंगण लाल झालं. पालखी दारात तीनदा नाचली. आमच्याकडची रीत अशी की गाऱ्हाणं होईस्तोवर पालखी खाली टेकवत नाहीत, खांद्यावरच असते. पुढच्या दांडीला उजवीकडे नितेश होता. सावित्रीनं ओटी भरली. शेजारणींच्या नजरा घरात कुणाला तरी शोधत होत्या, ते तिला न बघता कळत होतं.

आप्पा गुरवांनी नेहमीचं गाऱ्हाणं घातलं. "आई, या घरच्या लेकरांनी तुझी सेवा केली ती मान्य करून घे. जो मुलगा दर्यावर आहे त्याला सुखरूप घरी आण."

"होय महाराजा!" सगळे म्हणाले.

"इडापिडा असेल ती दूर कर."

"होय महाराजा!"

मग आबा नारळ घेऊन पुढे झाले. गुरवांना हातानं थांबवून ते स्वतःच बोलायला लागले, तसे ढोल बंद झाले.

"आई, माझ्या नातीला तुझी, कुणाची, नजर लागू नये म्हणून मी एक नाव दिलं. ते नाव कुणीतरी बाजारात मांडलं. कोणी, ते मला ठाव नाय, तुला ठाव हाय. पोर दहा दिवस तोंड दाखवत नाय. मी म्हातारा काय करणार? मी तुझ्यावर घालतो. ज्यानं हे केलं, ज्या हातानं केलं, तो हात..."

"नको!"

तुळसा गर्दीतून कशी आली ते कुणालाच कळलं नाही. तिनं आबांचा नारळाचा हात दोन्ही हातांनी धरला होता.

"आबा, हात नका बोलू ओ! पाया पडते तुमच्या! अजाण पोर आहे ते!"

बोलली आणि तिला कळलं आपण काय बोललो ते. अख्ख्या अंगणाला कळलं. सावित्रीनं आधी जावेकडे बघितलं, आणि मग तिची नजर पालखीच्या पुढच्या दांडीकडे गेली. तिच्या पाठोपाठ सगळ्यांची गेली.

नितेशला कुठे जाता येईना. खांद्यावरची पालखी अर्ध्यात सोडता येत नाही, टेकवताही येत नाही. शंभर माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि त्याला मान फिरवायला जागा नव्हती.

"आबा," आप्पा गुरव हळूच म्हणाले, "पुढं बोलताय काय? नारळ हातात हाय तुमच्या."

आबांनी नारळाकडे बघितलं. नातवाच्या दांडीवरच्या हाताकडे बघितलं. त्या हाताला त्यांनीच पोहायला शिकवलं होतं, मांडवीच्या पाण्यात. शेवटी त्यांनी नारळ गुरवांच्या हातात दिला.

"सुबुद्धी दे म्हण," ते म्हणाले. "सगळ्यांना सुबुद्धी दे म्हण."

"सुबुद्धी दे, आई!"

"होय महाराजा!"

नारळ फुटला, ढोल वाजला आणि पालखी पाटावर बसली.

*

अक्षयानं हे सगळं खिडकीच्या फटीतून बघितलं.

तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पडवीच्या वरच्या पायरीवरून काढलेला फोटो. तिथे बसून नितेश दात घासतो. तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण तिला वाटायचं, कुणाला तरी आपणहून कळावं. कुणीतरी विचारावं. तिनं दहा दिवस वाट बघितली.

बाकीचं जे गेलं ते तिला या घरात कुणाला सांगताही आलं नसतं. ऑर्कुटवर ती अक्षू होती. तिथं तिचा आवाज कापत नव्हता, तिचा रंग मध्ये येत नव्हता, ती लिहायची आणि नागपूरची एक मुलगी लिहायची, 'हसून हसून मेले ग!' त्या मुलीनं दोन्ही फोटो बघितल्यावर एकच ओळ लिहिली होती, 'खरी तू कुठली ग?' अक्षयानं उत्तर लिहिलं नाही. तिला ते येत नव्हतं.

पालखी पुढच्या घरी गेल्यावर सावित्रीनं तुळसाशी एक शब्द काढला नाही. तिनं परातीतल्या पोळ्या झाकल्या आणि स्वतःची भांडी वेगळी घासायला घेतली. सखाराम मात्र एकदम शांत झाला होता. "घरातलंच निघालं. आता घरातच मिटवू," असं त्यानं दोनदा म्हटलं. नितेशच्या एक मुस्काटात बसली, तो रडला, आणि मिटलं. पुरुषांच्या लेखी मिटलं.

संध्याकाळी नितेश दाराशी आला. "ताई, काढलं मी ते."

"किती जण झाले होते?"

"दोनशे चौदा."

"तुला धरून?"

तो माडीवर निघून गेला.

मग आबा आले, हातात चहाचा कप घेऊन. दाराबाहेर कागद पडला होता. सकाळी आत सरकवलेलं हॉल तिकीट अक्षयानं आतून परत बाहेर ढकललं होतं. आबांनी वाकून उचललं. कोपऱ्यात शिक्क्याखाली छोटा फोटो होता, सावळा, घाबरलेला, जसा आहे तसा.

"आबा," आतून आवाज आला. पावलांवरून तिनं ओळखलं असावं. "परक्याचा हात असता तर तुम्ही पुढं बोलला असता ना?"

आबांचं खोटं बोलायचं वय राहिलं नव्हतं.

"बोललो असतो," ते म्हणाले.

"नितेशचा हात, म्हणून सुबुद्धी."

"दोन्ही माझीच गो. मी काय करू?"

पालखी आता चार घरं पुढे गेली होती, तिथला ढोल ऐकू येत होता.

"चहा घे, सु..." आबा थांबले. तो शब्द ओठांवर आला होता, एकोणीस वर्षांची सवय ती. त्यांनी तो गिळला. चहा दुसऱ्या हातात घेतला, आणि परक्याच्या मुलीला हाक मारावी तसं जपून म्हणाले, "चहा घे, अक्षया."

आतली पावलं दाराशी आली.

"आबा, ते नाव आता तुम्ही पण घेणार नाय?"

"नाय गो बाय," आबा घाईघाईनं म्हणाले. "शपथ देवीची. या घरात कुणी घेणार नाय. मी तर नायच नाय."

त्यांना वाटलं, हे ऐकून पोरीला बरं वाटेल, कडी निघेल. कडी निघाली नाही. आतून रडण्याचा आवाज आला, दहा दिवसांत पहिल्यांदा. आबांनी कान दाराला लावला. "काय झालं गो? काय चुकलं माझं?" ते विचारत राहिले, आणि चहा हातातच निवला.